स्वावलंबनाचा हिशेब

'आपला हात जगन्नाथ' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा अर्थ आपण बहुधा स्तुतीचाच करतो. जो आपले काम आपल्या हाताने करतो तो कुणापुढे हात पसरत नाही, कुणाचा मिंधा होत नाही. म्हणून तो चांगला. या म्हणीला दुसरा, थोडा खोचक अर्थही आहे. वाढणारा हात आपलाच असला म्हणजे आपल्या ताटात हवे तेवढे वाढून घेता येते! धर्मगुरू या नात्याने आम्ही पहिल्या अर्थावर अनेक प्रवचने दिली. दुसऱ्या अर्थाकडे मात्र आमचे लक्ष गेले नव्हते. ते गेले शिरोळला, एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने.

प्रश्न साधा वाटतो. जे काम आपल्याला स्वतः करता येते ते नेहमी स्वतःच करावे काय? आणि तसे करताना जे पैसे वाचतात, ते खरोखरच 'वाचलेले' असतात काय?

शिरोळ तालुका हा कृष्णा-पंचगंगेच्या काठचा, उसाचा मुलूख. येथे आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. रविवारी मिस्सेला वृद्धांना आणावयाचे, आजाऱ्यांना मिरजेला न्यावयाचे, तर वाहन हवेच. एका कुटुंबाने आपली वापरलेली मारुती व्हॅन आम्हांला दिली. ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली, १९८८ पासून ती 'ओम्नी' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही आमच्याकडच्या रस्त्यांवर ती अजून दिसते. कधी भाजीचे करंडे घेऊन, कधी शाळेची मुले घेऊन, कधी लग्नाचे वऱ्हाड घेऊन. पुढच्या आसनाखाली इंजिन, ठेवण साधी, डोळ्यांना दिसेल अशी. त्यामुळे ती चालविणाऱ्या प्रत्येकाला आपण थोडेफार मिस्त्री आहोत असे वाटू लागते. आम्हांलाही वाटले.

एके दिवशी गाडी चालू असताना समोरच्या फळीवरील बॅटरीचा तांबडा दिवा लागला. हा दिवा काय सांगतो, हे ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बॅटरी गाडी सुरू करून देते. पण गाडी चालू असताना विजेचा पुरवठा करते ते दुसरेच यंत्र. त्याचे नाव अल्टरनेटर. आमच्याकडे जुनी माणसे त्याला अजून डायनामोच म्हणतात. इंजिन फिरते, त्याच्यावरून एक रबरी बेल्ट अल्टरनेटरची पुली फिरवितो आणि त्यातून वीज निर्माण होते. ती दिव्यांना, वायपरला आणि ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेला मिळते, आणि उरलेल्या विजेने बॅटरी पुन्हा भरत राहते. अल्टरनेटर थांबला तरी गाडी लगेच थांबत नाही. ती काही काळ बॅटरीतील साठ्यावर चालते. चालविणाऱ्याला वाटते, सर्व ठीक आहे. प्रत्यक्षात ती पूर्वसंचितावर चाललेली असते आणि साठा संपला की कोठे थांबेल याचा नेम नसतो.

दिवा लागला तेव्हा आम्ही निदान करून टाकले: अल्टरनेटर गेला. रोज सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर किंचाळल्यासारखा आवाज येत असे, त्याकडे आम्ही लक्ष दिले नाही. धर्मग्रामातील एक तरुण म्हणाला, "फादर, एकदा मिस्त्रींना दाखवू या." आम्ही म्हणालो, "चार बोल्टांचे काम. त्याला मिस्त्री कशाला?" आणि मनात आणखी एक वाक्य होते, ते आम्ही उच्चारले नाही: पैसे वाचतील.

शनिवारी निवासाच्या अंगणात काम काढले. काम आम्ही निष्काळजीपणे केले असे मात्र नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये हे ठाऊक होते, म्हणून भक्कम लाकडी ठोकळे लावले. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडविली. कारण अल्टरनेटरच्या पाठीवरील जाड तारेत वीज सतत असते, आणि पाना तिला व गाडीच्या पत्र्याला एकाच वेळी टेकला तर ठिणग्यांचा भडका उडतो. ताण देणारा बोल्ट सैल केला, बेल्ट उतरविला, तारा कोठून निघाल्या हे कागदावर लिहून ठेवले. बिजागरीसारखा असणारा लांब बोल्ट गंजला होता. त्याने दोन तास घेतले आणि आमच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचे सालटे काढले. नवा अल्टरनेटर बसविला, पुली जुन्या पुलीशी जुळवून पाहिली, तोच बेल्ट पुन्हा चढविला आणि चांगला ताणून बोल्ट आवळले. गाडी सुरू केली. दिवा विझला!

त्या क्षणीचा आनंद आम्ही नाकारणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रवचनात आम्ही त्या कामाचा उल्लेखही केला. प्रभू येशू सुतारकाम करीत असे आणि संत पौल तंबू शिवून पोट भरीत असे, हे सांगून त्या थोर मालिकेच्या टोकाला आम्ही आमची दोन सोललेली बोटे जोडून दिली. लोक हसले. जुना अल्टरनेटर भंगारवाल्याने नेला.

काही आठवड्यांनी दिवा पुन्हा मिणमिणू लागला. यावेळी तर आम्ही त्याच्याकडे पाहिलेही नाही. अल्टरनेटर नवा होता, आम्ही स्वतः बसविला होता. तेव्हा बिघाड दिव्यातच असला पाहिजे! चार दिवस आम्ही असे चाललो. चौथ्या दिवशी सायंकाळी एका वृद्ध मातेला डायालिसिसनंतर मिरजेहून परत आणत होतो. सोबत तिची सून होती. पाऊस लागला होता. दिवे चालू, वायपर चालू. अंकलीच्या पुलावर दिवे पिवळे पडले, वायपर काचेच्या मध्यावर अडखळला आणि गाडी थांबली. खाली कृष्णा भरून वाहत होती. मागून ट्रक येत होते. मागे बसलेली ती माता थंडीने कापत होती आणि एवढेच विचारीत होती, "फादर, घर आलं का?"

मदतीला बोलाविले ते ज्याला आम्ही टाळले होते त्याच मिस्त्रीला. तो मोटारसायकलवर बॅटरी बांधून आला, आणि सोबत ओळखीची रिक्षा घेऊनच आला. प्रथम त्याने गाडीकडे पाहिले नाही. "आधी म्हातारीला घरला धाडा," एवढेच तो म्हणाला. रिक्षा गेल्यावर त्याने आसन उचलले, विजेरीच्या उजेडात बेल्टवरून अंगठा फिरविला आणि विचारले, "फादर, बेल्ट त्योच बसविलासा व्हय?"

बेल्टचा आतला भाग झिजून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. तो पुलीवर पकडच घेत नव्हता. सकाळचा तो किंचाळल्यासारखा आवाज त्याचाच होता. आम्ही शनिवारी तो ताणून बसविला म्हणून काही आठवडे काम भागले. मूळ दोष तसाच राहिला. मिस्त्रीने नवा बेल्ट घातला, आणलेली बॅटरी जोडली आणि मीटर लावून दाखविले. इंजिन चालू असताना काटा चौदा व्होल्टच्या आसपास स्थिर राहिला. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला: "जुना डायनामो कुठं टाकलासा?" आम्ही सांगितले. तो काही बोलला नाही. बोलावयास उरले तरी काय होते? चांगले यंत्र आम्ही भंगारात दिले होते. नव्या यंत्राला जे पैसे पडले, त्यांत तसे कित्येक बेल्ट आले असते.

यानंतरचा प्रसंग लिहावयास जड जातो. हत्यारे गोळा करीत असता मिस्त्रीने मजुरीचा आकडा सांगावयास तोंड उघडले, तोच तेथे येऊन पोहोचलेला आपल्यातील एक गृहस्थ हसून म्हणाला, "फादरांच्या गाडीचे कसले पैसे घेतोस? देवाचे काम आहे." मिस्त्री हसला आणि त्याने पिशवीचे बंद आवळले. आम्ही गप्प राहिलो. केवळ गप्प राहिलो नाही. आम्हांला बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा चालू होती. अर्पणविधीच्या वेळी भाकर उचलताना, ती मानवी हातांच्या श्रमाचे फळ आहे असे आपण देवाला सांगतो. ते शब्द आम्ही हजारो वेळा उच्चारले असतील. त्या दिवशी ते घशात अडकले. वेदीपाशी आल्यावर आपल्या भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, ही प्रभूची आज्ञा आम्ही इतरांना समजावून सांगत आलो होतो. मिस्सा संपताच आम्ही मिस्त्रीच्या दुकानावर गेलो. त्याने आकडा सांगितला, आम्ही पैसे दिले, त्याने ते मोजून घेतले. आम्ही म्हणालो, "काल रात्रीच द्यावयास हवे होते." तो म्हणाला, "सणाच्या जनरेटरचं बी तसंच हुतं, फादर. कुणी इचारलं न्हाई, मी बी मागितलं न्हाई."

तो आपल्या धर्माचा नव्हता. कित्येक सणांना तो येऊन आमचा जनरेटर चालू करून देत होता आणि त्याच्या श्रमाची किंमत 'देवाचे काम' या दोन शब्दांत चुकती होत होती. देवाच्या नावाने तो हिशेब आम्ही मांडला होता, देवाने नव्हे.

या अनुभवानंतर आम्ही मूळ प्रश्नाकडे पुन्हा वळलो. आपल्या हातांनी काम करण्यात कमीपणा नाही, हे तर निर्विवाद आहे. संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत मठातील हत्यारे व भांडी ही वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावीत, असे सांगितले आहे. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा कामकरी संत योसेफाचा सण ठरविला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या श्रमविषयक विश्वपत्रात श्रमाची थोरवी कामाच्या प्रकारावरून नव्हे तर ते करणाऱ्या माणसावरून ठरते, असे प्रतिपादन केले. तेव्हा गाडीखाली पडलेला मनुष्य गादीवर बसलेल्या मनुष्याहून कमी नाही. शिवाय ज्या घरात मिस्त्रीला द्यावयास पैसेच नाहीत, तेथे बापलेकांनी मिळून आपली गाडी दुरुस्त करणे ही गरज आहे, आणि ती करताना मुलगा जे शिकतो ते त्याचे धन आहे. त्यांना उद्देशून आम्ही हे लिहीत नाही.

आमचा दोष हाताने काम करण्यात नव्हता. तो तीन ठिकाणी होता.

पहिला दोष सत्याविषयीचा. आम्ही शोधले नाही, ठरविले. दिवा विझला म्हणून आमचे निदान बरोबर, असे आम्ही धरून चाललो. परिणाम मनासारखा झाला म्हणजे कारण ओळखले असे होत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकवितात. मनुष्याच्या आत्मिक जीवनातही असे घडते. घरात भांडण होते, कोणीतरी आवाज चढवून ते थांबवितो, चार दिवस शांतता नांदते. आणि झिजलेला बेल्ट तसाच असतो. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाच्या अंगांमध्ये शिकून घेण्याच्या वृत्तीची गणना केली आहे. विवेकाच्या बाबतीत कोणीही एकटा स्वतःला पुरा पडत नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्ही हा भाग सेमिनरीत शिकलो होतो. तरीही त्या तरुणाची सूचना आम्ही झटकली आणि पुढे तर दिव्यालाच खोटे पाडले. सदसद्विवेकबुद्धी बोचू लागली की तिलाच दोष देण्याची सवय आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे.

दुसरा दोष न्यायाचा, तो जोखमीविषयी. आपल्या कामाची कसोटी आपल्याच अंगावर लागणार असेल, तर चुकण्याचे स्वातंत्र्य थोडे अधिक असते. पण त्या गाडीत एक आजारी माता बसणार होती. आमच्या हौसेची जोखीम तिने उचलली आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. ज्या कामावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्याचे पुरेसे ज्ञान मिळविणे हे कर्तव्यच असते; तेथे अज्ञान ही सबब होत नाही. घरी केलेले काम जाणकाराकडून तपासून घेण्यात कमीपणा कसला?

तिसरा दोष मजुरीचा, आणि तोच आम्हांला सर्वांत अधिक लागला. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असा अनुवादाच्या पुस्तकातील नियम आहे. संत याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवाकडे ओरडते, असे म्हटले आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या विश्वपत्रात याहून पुढचे पाऊल टाकले: कामगाराने नाइलाजाने मान्य केली म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. मग जो धर्मगुरूसमोर संकोचाने पैसेच मागत नाही, त्याच्या संमतीचे मोल काय? संत पौलाचे नाव आम्ही प्रवचनात घेतले होते; परंतु तो तंबू शिवीत असे ते आपला भार इतरांवर पडू नये म्हणून. इतरांनी फुकट तंबू शिवून द्यावेत असे त्याने कोठे म्हटल्याचे आम्हांला आढळले नाही. दान हे देणाऱ्याच्या मनातून निघावे लागते. घेणाऱ्याने गृहीत धरलेले दान हे दान नव्हे, ती थकबाकी आहे.

कोणी म्हणेल, मिस्त्रीही फसवितात. काही फसवीत असतील. त्याचा इलाज मात्र आपल्या हाती आहे. ज्याने एकदा गंजलेल्या बोल्टाशी दोन तास झुंज दिली आहे, त्याला दोन तासांचे मोल काय असते हे कळते. तो फसत नाही आणि घासाघीसही करीत नाही. घरी दुरुस्ती करण्याचा सर्वांत मोठा लाभ आमच्या मते पैशांची बचत हा नव्हेच. दुसऱ्याच्या श्रमाची किंमत कळणे हा आहे.

आणि या श्रमाला आमच्या भागात केवढी परंपरा आहे! मिरजेचे शिकलगार हत्यारांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यापैकी काहीजण तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि त्यांच्या हातून मिरजेचा तंबोरा घडला. कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगाच्या मुळाशीही शेतीवरची ऑइल इंजिने दुरुस्त करणारी माणसे आहेत. इंजिन उघडता उघडता ती त्याचे सुटे भाग ओतू लागली. दुरुस्ती करणारा हात हा पुढे निर्मिती करणारा हात होतो. पण त्यासाठी त्याला काम मिळाले पाहिजे, कामाचे दाम मिळाले पाहिजेत आणि त्याच्याजवळ बसून शिकावे असे एखाद्या पोराला वाटले पाहिजे. आपण वस्तू फेकून नवी आणतो तेव्हा हेही थोडे थोडे फेकत असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी जो इशारा दिला, तो वाचताना आम्हांला भंगारवाल्याच्या गाड्यावर चढलेला आमचा निर्दोष अल्टरनेटर आठवतो.

पुढे दीड-दोन वर्षांनी त्या गाडीतून घरघर ऐकू येऊ लागली. यावेळी आम्ही घाई केली नाही. प्रथम बेल्ट पाहिला. तो चांगला होता. मीटर लावला, बारा व्होल्टच्या वर काटा जाईना. मिस्त्रीला बोलावून विचारले. त्याने कान देऊन ऐकले आणि सांगितले, बेअरिंग गेले आहे, आतले कार्बनही झिजले असतील. त्याच्याकडे दुरुस्त करून ठेवलेला एक अल्टरनेटर होता, तो विकत घेतला. अंगणात तोच तरुण, तेच ठोकळे, तोच लांब बोल्ट. यावेळी त्याला आधी तेल पाजले होते. काम आम्हीच केले. ते झाल्यावर मिस्त्रीने येऊन प्रत्येक बोल्ट तपासला, एक बोल्ट अर्धा फेरा आणखी आवळला, आणि तपासणीची मजुरी आम्ही त्याच्या हातावर तेथेच ठेवली. आमचा उतरविलेला अल्टरनेटर त्याने दुकानी नेला. बेअरिंग व कार्बन बदलून तो आता दुसऱ्या कुणाच्या गाडीत फिरत असेल.

सणाच्या खर्चाच्या वहीत आता जनरेटरच्या मजुरीचा एक रकाना आहे. आपल्या घरच्या वहीतही असा एखादा रकाना राहून गेला आहे काय, हे प्रत्येक कुटुंबाने पाहावे. नळ दुरुस्त करणारा, भिंत लिंपणारा, ख्रिस्तजयंतीला तारा लावून देणारा. ज्याने मागितले नाही म्हणून ज्याला आपण दिले नाही, असा कोणी तेथे असेल. त्याच्याकडे आजच जावे. सूर्य मावळण्यापूर्वी.